खंडेनवमीचं स्प्रॉकेट

सातव्या माळेला गाडीतून खळखळ आवाज यायला लागला आणि रघुनाथरावांच्या चेहऱ्यावर तेज आलं. दुसऱ्या कोणाचं तोंड उतरलं असतं. पण एकतीस वर्षं तंत्रनिकेतनात 'यंत्रांचे सिद्धान्त' हा विषय शिकवून मे महिन्यात निवृत्त झालेल्या माणसाला इतक्या दिवसांनी, भिगवण रोडवरच्या सोसायटीत, अगदी स्वतःच्या दारात एक बिघडलेलं यंत्र सापडलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, मान तिरकी केली, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि टायमिंग चेन सैल झाल्याचं जाहीर केलं. निदान बरोबर होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांच्या बाजूनं बोलायची संधी बराच वेळ येणार नाही.

गाडी वैदेहीला द्यायची होती. वैदेही म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, जनावरांची डॉक्टर. इंदापूर तालुक्यात शेळगावच्या दवाखान्यात तिला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रुजू व्हायचं होतं. तिथून पुढं वरकुट्यापर्यंतच्या वाड्यावस्त्या फिरायच्या, म्हणजे गाडी हवीच. "गाडी मी तुला ठणठणीत करून देतो," असा शब्द रघुनाथरावांनी नेमणुकीचा कागद आला त्याच दिवशी दिला होता. गावातली सगळी गॅरेजं दसऱ्याच्या गाड्यांनी भरलेली. कोणीही सणाआधी इंजिन उघडायला तयार होईना. तेव्हा रघुनाथराव जेवताना म्हणाले की मग मीच करतो.

यशोदाबाईंचा वाढता हात मध्येच थांबला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि या अवधीत नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली एकमेव दुरुस्ती म्हणजे घड्याळात सेल घालणं, तोही पहिल्या खेपेला उलटा. वैदेही मात्र अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, नाही झालं तरी चालेल हं. मी यष्टीनं जाईन."

तो मऊपणा रघुनाथरावांना फार लागला. अडलेल्या गाईच्या पाठीवर हात फिरवताना वैदेही त्याच आवाजात बोलते, हे त्यांनी पाहिलं होतं. बापाला नुसतं बोलता येतं, करता काही येत नाही, असं आपल्या पोरीनं मनातल्या मनात ठरवून टाकलंय आणि वर त्याबद्दल आपल्याला माफही केलंय, हे त्यांच्या एका क्षणात लक्षात आलं. मग ते भाताला ताक न घेताच उठले.

अष्टमीला सकाळी त्यांनी पान्यांची पेटी काढली. ही पेटी सासऱ्यांनी पहिल्या दिवाळसणाला दिलेली. तेव्हापासून दर खंडेनवमीला यशोदाबाई ती पाटावर मांडत, एकेका पान्याला तेलाचं बोट लावून वर हळदकुंकू वाहत, झेंडूचं फूल ठेवत आणि दसऱ्यानंतर पुन्हा फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकत. पूजेखेरीज पेटी कधीच उघडली गेली नव्हती. परिणामी सत्तावीस वर्षांचं हळदकुंकू तेलात भिजून पान्यांच्या तोंडात बसलं होतं आणि एकोणीस नंबरचा पाना सोळाच्या बोल्टावरदेखील चढेना. अष्टमीचा अर्धा दिवस रघुनाथराव जुन्या दातघासणीनं आपली श्रद्धा खरवडत बसले.

तेवढ्यात राजलक्ष्मीताई आल्या. या सोसायटीच्या अध्यक्षा. वाहनतळात दुरुस्तीची कामं करू नयेत, असा ठराव त्यांनीच मागच्या वार्षिक सभेत मांडला होता आणि दुर्दैवानं त्याला अनुमोदन रघुनाथरावांचं होतं. त्यांच्या सहीची प्रत ताईंनी बरोबरच आणली होती. बरीच चर्चा होऊन असं ठरलं की रघुनाथरावांनी लेखी अर्ज करावा, त्यात 'दुरुस्ती' हा शब्द टाळून 'शैक्षणिक प्रात्यक्षिक' असं लिहावं, आणि जमिनीवर तेल सांडल्यास ते स्वतः पुसण्याची हमी द्यावी. अर्जाला आवक क्रमांक पडेपर्यंत दुपारचे दोन वाजले. अर्जाखाली रघुनाथरावांनी सवयीनं 'विभागप्रमुख' असं लिहिलं आणि मग ते खोडलं.

वरच्या मजल्यावरचा अनिमेष घरूनच संगणकाचं काम करायचा. तो कानात यंत्र घालून, मीटिंग चालू असतानाच खाली उतरला आणि त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एका परदेशी माणसानं पुली काढली, झाकण काढलं, चेन उतरवली आणि तळाचं स्प्रॉकेट दोन बोटांनी असं काढलं की जणू करंड्यावरचं झाकण. स्प्रॉकेट म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं दातेरी चाक, सायकलच्या चेनचं असतं तसंच, पण तळहातात मावेल एवढं. चेन बदलायची तर तेही बदलावं लागतं; दोन्हींचा नवा संच रघुनाथरावांनी दुकानातून आणून ठेवला होता. "सोपंय काका," अनिमेष म्हणाला आणि मीटिंगमधल्या कोणाला तरी सॉरी म्हणून वर गेला.

आणि खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत सगळं सोपंच गेलं. रघुनाथरावांनी पुली काढली, झाकण काढलं, चेन उतरवली. निघालेला प्रत्येक बोल्ट इडलीपात्राच्या एकेका वाटीत ठेवून शेजारी चिठ्ठीवर नंबर घातला. चार थाळ्या भरल्या. सोसायटीतली माणसं येताजाता थबकत होती, आणि रघुनाथराव कोपरानं कपाळ पुसत त्यांना क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचं नातं समजावून सांगत होते. श्रोते उभे होते, हे विशेष. तंत्रनिकेतनात ते बसलेले असूनही निघून जात.

मग त्यांनी दोन बोटांनी स्प्रॉकेट धरलं आणि ओढलं. ते हललं नाही.

त्यांनी चार बोटांनी ओढलं. मग गंज सोडवायचा फवारा मारला, अर्धा तास थांबले आणि लाकडी हातोड्यानं बेतानं ठोकलं. राजलक्ष्मीताईंनी खोबरेल तेल सुचवलं. त्यांच्या बोटातली अंगठी त्यानंच निघाली होती. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी गाडी उलट्या दिशेला ढकलून पाहा म्हणून सांगितलं. स्प्रॉकेट जसंच्या तसं. रघुनाथरावांना वर्गातली काही मुलं आठवली, जी कितीही ओरडलं तरी मागच्या बाकावरून उठत नसत.

आता लागत होता पुलर. चाक दोन नख्यांनी मागून धरायचं आणि मधला स्क्रू दांड्यावर दाबत आवळायचा, की चाक आपोआप बाहेर येतं. पुलर नव्हता, सिद्धान्त मात्र होता. सिद्धान्तानं त्यांनी विचार केला, की स्क्रू फिरवून दाब देणारं दुसरं यंत्र घरात कोणतं? आणि यशोदाबाई कडाकण्यांची कणीक मळत असताना त्यांनी फडताळातून चकल्यांचा सोऱ्या काढला. पितळी, जड, यशोदाबाईंच्या आईकडून आलेला. त्याला दोन तारा आणि पट्ट्या बांधून त्यांनी जो काही पुलर तयार केला, तो कागदावर निर्दोष होता. पाचव्या आट्याला सोऱ्याचा दांडा वाकला आणि दट्ट्या आत रुतून बसला. स्प्रॉकेट तिथंच राहिलं, शिवाय आता घरात अडकलेल्या वस्तू दोन झाल्या.

यशोदाबाईंनी वाकलेला सोऱ्या देवापुढं नेऊन ठेवला, तेवढंच. रघुनाथरावांना जेवण गेलं नाही.

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता यशोदाबाई परडी घेऊन खाली उतरल्या आणि गाडीभोवती पसरलेले पाने एकेक करून वेचू लागल्या. रघुनाथरावांनी विचारलं की हे काय. त्या म्हणाल्या, आज खंडेनवमी, हत्यारं पाटावर बसायची. आज हत्यार पुजायचं असतं, वापरायचं नसतं, हे काय तुम्हाला सांगायला हवं? रघुनाथरावांनी गाडीकडं बोट दाखवलं, परवाची तारीख सांगितली. यशोदाबाई म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं नुसती पुजली तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत. आज पहिल्यांदा ती पूजेला लायक झालीत, तर आज बरी चुकवीन." आणि परडी घेऊन त्या वर गेल्या. रघुनाथरावांच्या हातात उरली ती दातघासणी.

आता एकच दार राहिलं होतं, आणि ते ठोठावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. एमआयडीसीच्या रस्त्याला नागेशचं गॅरेज होतं. नागेश त्यांचा विद्यार्थी. यंत्रांच्या सिद्धान्तात तो दोनदा नापास झाला, आणि दोन्ही वेळा पेपर रघुनाथरावांनीच तपासला होता. शेवटी शिक्षण सोडून त्यानं गॅरेज टाकलं, आणि आता त्याच्या दारात कायम दहा गाड्या उभ्या असायच्या. ज्याला आपण नापास केलं त्याच्याकडं पाना मागायला जायचं, यासाठी लागणारा धीर रघुनाथरावांनी दोन कप चहात गोळा केला.

गॅरेजात सडा घातलेला होता. मोठ्या पाटावर सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती, झेंडूचे हार, उदबत्त्या. मधोमध, सगळ्यांत मोठा हार घालून, तीन नख्यांचा देखणा पुलर बसला होता. रघुनाथरावांनी त्याला मनोभावे हात जोडले. इतर हत्यारांना नाही.

नागेश धावत आला, पाया पडला, खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. "सर, तुमच्यासाठी जीव देईन. पन आज हत्यार उठत न्हाय. उद्या सांजच्याला सोनं लुटून आलो की पहिला पुलर तुमचा."

उद्या संध्याकाळी म्हणजे फार उशीर. नवी चेन बसवायची, सगळं इडलीपात्र रिकामं करायचं, तेल भरायचं, त्याला पुरता दिवस हवा. रघुनाथराव उठले. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण दारापर्यंत जाताना त्यांचा चष्मा धूसर झाला.

दाराशी बाजेवर नागेशचे वडील बसले होते, म्हस्कूआबा. लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. गाव शेळगाव. एके काळी मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला जाणारं घर, आता चार एकर ऊस आणि दावणीला दोन गाई. सणाला ते लेकाकडं आले होते.

"कुनाची गाडी म्हनायची?" आबांनी विचारलं. रघुनाथरावांनी लेकीचं सांगितलं, शेळगावचा दवाखाना सांगितला. आबा बाजेवरून उठलेच. "आमच्या गावच्या नव्या डाक्टरीनबाई त्या? दोन वर्सं दवाखान्याला कुलूप हाय, मास्तर. चला, बघू तरी."

वाहनतळात म्हस्कूआबा गाडीपुढं उकिडवे बसले. स्प्रॉकेटवर नुसतं बोट फिरवलं, हातोड्याचे वण पाहिले आणि रघुनाथरावांकडं वळले.

"धाव ठावी हाय का तुमाला? गाडीच्या चाकाची?"

रघुनाथराव जागच्या जागी थिजले. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवतात ती तापवून. तापली की फुगते, चाकावर सहज चढते आणि गार झाली की घट्ट बसते. हे त्यांच्या टिपणवहीतलं पहिलंच उदाहरण होतं. एकतीस वर्षं, दरवर्षी, चार गुणांना त्यांनी हा प्रश्न विचारला होता. आणि त्याच क्षणी त्यांना नागेशचा पेपर आठवला. त्यानं सूत्र लिहिलंच नव्हतं. गोवऱ्या किती लागतात, त्या कशा रचायच्या, धाव कोणी धरायची, पाणी कोणी मारायचं, माझे आजोबा असं करत, असं दीड पान लिहिलं होतं. रघुनाथरावांनी त्याला शून्य दिलं होतं आणि समासात 'अप्रस्तुत' असा शेरा मारला होता.

"तापवून चढवत्यात, तर काडायची पन तापवूनच," आबा म्हणाले. "जाळ काय हत्यार न्हाय. त्याला आज सुट्टी न्हाय."

पण पेट्रोलच्या गाडीजवळ जाळ कसा करणार? वर स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता. म्हस्कूआबांनी मुंडासं मागं सारून वर पाहिलं. यशोदाबाई घटावर बांधायच्या कडाकण्या तळत होत्या. रघुनाथरावांनी खालूनच हाक मारली, आणि पाच मिनिटांत यशोदाबाई उकळत्या तेलाची कढई दोन फडक्यांत धरून जिन्यावरून उतरताना साऱ्या सोसायटीनं पाहिल्या. राजलक्ष्मीताईंनी अर्जातल्या तेलाच्या अटीची आठवण करून दिली, मग स्वतःच जाऊन जुनी वर्तमानपत्रं घेऊन आल्या.

आईमागोमाग उतरलेल्या वैदेहीनं गाडीखाली ट्रे लावला, इंजिनाचं तोंड फडक्यानं बंद केलं आणि फ्रिजमधला बर्फ दांड्याच्या टोकाला बांधला, म्हणजे दांडा गार आणि चाक गरम. मग ती पळीनं तेल सोडू लागली, बारीक धारेनं, फक्त चाकावर. राहिला प्रश्न चाक उचकटायचा. पाने पाटावर. यशोदाबाईंनी दोन लोखंडी उलथनी पुढं केली. रोजच्या कामाची भांडी ती, पूजेला बसत नाहीत.

रघुनाथरावांनी उलथनी आबांकडं दिली. आबांनी ती परत त्यांच्या हातात ठेवली. "गाडी तुमची, लेक तुमची. हात तुमचाच पायजे."

चाकामागं दोन्ही बाजूंनी एकेक उलथनं सरकवून रघुनाथरावांनी सगळा जोर लावला. आबांनी त्यांचं मनगट धरलं. "हिसका न्हाय मास्तर. कोकरू अडल्यावर हिसकत्यात व्हय? मेंढीनं कळ दिली की तवाच आपन द्यायची. दोनी बाजूंनी सारकं. वाईच वाईच." वैदेहीनं पळी न थांबवता मान हलवली. तिला हे पुस्तकात दोन प्रकरणं वाचल्यावर कळलं होतं.

तेल पडलं की थोडं दाबायचं. थांबायचं. पुन्हा तेल, पुन्हा थोडं. रघुनाथरावांचा शर्ट पाठीला चिकटला. अनिमेष कानातलं यंत्र काढून उभा होता. सातव्या की आठव्या पळीला हाताला काहीतरी लागलं. केसभर. मग बोटभर. आणि मग स्प्रॉकेट दांड्यावरून सरकून टणकन ट्रेमध्ये पडलं, आणि कढईतून आलेल्या एका चुकार कडाकणीच्या तुकड्याशेजारी जाऊन थांबलं.

रघुनाथराव फरशीवर बसले. ट्रेमधलं चाक बघत ते म्हणाले, "आबा, नागेशला सांगा, चारपैकी चार." आबांना त्यातलं काही कळलं नाही, पण निरोप पोचवतो म्हणाले.

पूजा झालेली हत्यारं यशोदाबाईंनी दसऱ्याच्या पहाटे स्वतःच खाली आणून दिली. देव रागावणार नाही, मी त्याला समजावलंय, असं म्हणाल्या. रघुनाथरावांनी सकाळपासून एकेक वाटी रिकामी करत इंजिन जुळवलं. ट्रेमधलं आणि आतलं सगळं तेल काढून नवं भरलं. शेवटी एक बोल्ट उरला. तासभर त्याची जागा शोधल्यावर तो इडलीपात्राचाच निघाला. दुपारी साडेतीनला वैदेहीनं किल्ली फिरवली. खळखळ नाही, खडखड नाही. इंजिन गुरगुरलं आणि बॉनेटखालून खमंग कडाकण्यांचा वास सगळ्या वाहनतळात पसरला. वैदेही गाडीतून उतरली नाही. काचेतून बापाकडं बघत राहिली, आणि या वेळी तिच्या नजरेत कसलाही मऊपणा नव्हता. त्यात निव्वळ आश्चर्य होतं. रघुनाथरावांना जन्मभरात मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

यशोदाबाईंनी साबण आणि गरम पाणी काढून ठेवलं होतं. रघुनाथरावांनी अंघोळ केली, झब्बा घातला, पण नखांतली काळी वंगणाची रेघ मुद्दाम तशीच ठेवली. सोनं द्यायला ते घरोघर फिरले. आपट्याची पानं देताना हात जरा जास्तच वेळ पुढं धरत. राजलक्ष्मीताईंनी सोनं घेतलं आणि वाहनतळ स्वच्छ पुसल्याबद्दल आभार मानले. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी उलट ढकलल्यामुळंच चाक सैल झालं असावं असं मत दिलं. अनिमेष म्हणाला, काका, मी म्हटलं होतं ना, सोपंय. हाताकडं कोणीही पाहिलं नाही. रघुनाथरावांनी घरी येऊन उरलेली पानं देव्हाऱ्यात ठेवून दिली.

एकादशीला सकाळी साडेआठला वैदेही गेली. रघुनाथराव गाडी वळेपर्यंत उभे होते आणि नंतरही बराच वेळ कान देऊन उभे होते. दहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला.

"पोचले बाबा. वाटेत एकदासुद्धा कुरकुरली नाही." मागं पुष्कळ माणसांचा आवाज येत होता. "दवाखान्यापुढं अख्खं गाव जमलंय. म्हस्कूआबा पहाटेच्या यष्टीनं आलेत. गाडीला हळदकुंकू लावायला बायका थांबल्यात आणि ते प्रत्येकाला बॉनेटचा वास घ्यायला लावतायत. हे ऐका आता."

तिनं फोन पुढं धरला असावा. गर्दीतून म्हातारा, चढा, खणखणीत आवाज आला. "डाक्टरीनबाईंच्या बापानं सोताच्या हातानं इंजन खोललं आन् सोताच्या हातानं बसवलं. पाना न्हाय, पुलर न्हाय. आमी नुसतं बघत हुतो."

फोन बंद झाल्यावर यशोदाबाईंनी विचारलं की काय म्हणतेय. रघुनाथरावांना एवढंच सांगता आलं की पोचली. मग ते खिडकीशी उजेडात गेले, दोन्ही हात पुढं धरून पालथे-उताणे करून पाहिले, आणि यशोदाबाईंनी पुन्हा काढून ठेवलेला साबण उचलून परत कपाटात ठेवला. कोजागिरीच्या दुधाचे पेले धरीपर्यंत त्यांनी ती नखं कापली नाहीत.